तुम्ही विचारलंत म्हणून: दहा नंबरपासून

"सगळी गाणी आता खिशात असतात, हवं ते हव्या क्षणी लागतं. मग त्या जुन्या काउंटडाउनची एवढी आठवण कशाला काढता?" भाचरंडं विचारतात, शाळेतल्या तरुण शिक्षिका विचारतात. दर वेळी माझं उत्तर अर्धवट राहतं, कारण ते कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या सोप्यातून, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतून, सुरू करावं लागतं. आज सविस्तर सांगते.

1993 साली दूरदर्शनची मेट्रो वाहिनी सुरू झाली. टॉवरवरून ती दिसायची चार महानगरांत. कोल्हापुरात आम्हाला ती मिळाली केबलवाल्याच्या डिशमुळे. त्या वाहिनीवर दर आठवड्याला 'सुपरहिट मुकाबला' लागायचा, हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा दहा नंबरपासून एकपर्यंतचा काउंटडाउन. सुरुवातीच्या काळात रॅप गाणारा बाबा सहगल सूत्रसंचालन करायचा. पुढे झीवर 'फिलिप्स टॉप टेन' आला, तोही मी चुकवला नाही, पण जीव जडला तो पहिल्यावर. आमच्या बोळात केबल फक्त आमच्याकडे, त्यामुळे मुकाबल्याच्या रात्री सोप्यात तीन घरची माणसं असायची. शेजारच्या काकी भाकऱ्या उरकून, पदराला हात पुसतच यायच्या.

आप्पांना या खेळाची सवय जुनी होती. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तिच्यावर ते वाढलेले. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज, आणि गाण्याच्या क्रमांकाला 'पायदान' म्हणायचं. दूरदर्शनवरच्या क्रमांकांनाही आप्पा शेवटपर्यंत पायदानच म्हणत राहिले. "आज आपलं गाणं कितव्या पायदानावर?" असं विचारत ते पानाचा डबा घेऊन बसायचे.

तर मूळ मुद्दा. माझं आवडतं गाणं बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असायचं, आणि कार्यक्रम सुरू व्हायचा दहापासून. म्हणजे माझ्या एका गाण्यासाठी मला इतरांची सात-आठ गाणी ऐकावी लागायची. पुढे ढकलायची सोय नव्हती. रिमोट होता, पण तीन घरची माणसं बसलेली असताना चॅनेल बदलायची कुणाची छाती नव्हती. मला जे आठवतं, ज्याच्यासाठी जीव तुटतो, ते हे न निवडलेलं ऐकणं.

'हम से है मुकाबला'मधला प्रभुदेवाचा नाच पहिल्यांदा लागला, तेव्हा आजी जपमाळ बाजूला ठेवून पुढं सरकली. "अगं, ह्याला हाडं हाईत का न्हाईत?" पुढचे कित्येक आठवडे ती फक्त त्याच्यासाठी जागी राहायची. आप्पांच्या लेखी जुन्या गाण्यांनंतर संगीतच संपलं होतं. 'रोजा'मधलं गाणं लागलं आणि ते पान लावता लावता थांबले. "कुणाचं संगीत म्हणायचं हे?" ए. आर. रहमान हे नाव आमच्या घरात असं आलं. आप्पा स्वतःहून ते ऐकायला कधीच गेले नसते. ते गाणं त्यांच्या वाटेत आलं, कारण ते माझ्या गाण्याच्या आधी लागलं.

मी दोनशे पानी वहीत दर आठवड्याचे दहा रकाने आखायची. गाणं, चित्रपट, मागच्या वेळचा नंबर, वर गेलं की खाली आलं. महिन्याकाठी त्या वहीवरून यादी काढून महाद्वार रोडजवळच्या एका दुकानात कॅसेट भरायला द्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दहा-अकरा गाणी बसायची आणि बाजूचं शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं. अजूनही काही गाणी पूर्ण लागली की मला अंतऱ्याच्या मधोमध क्षणभर शांततेची अपेक्षा असते. त्या यादीत आजीचं एक, आप्पांचं एक, काकींचं एक गाणं असायचंच. कॅसेट सोप्यात वाजायची ना. एकट्या माझ्या गाण्यांनी कसं चाललं असतं?

आज माझ्या मुलीचा मोबाईल तिला तिच्या आवडीचंच पुढचं गाणं देतो. बरोबर देतो, ती खूश असते. पण माझं आवडतं गाणं तिच्या कानांवर पडत नाही आणि तिचं माझ्या. आम्ही एकाच खोलीत बसतो, दोघींच्या कानांत वेगवेगळं. याचंच मला वाईट वाटतं, जुन्या गाण्यांचं नाही. ती तर सगळी मिळतात.

मेट्रो वाहिनी नोव्हेंबर 2003 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी डीडी न्यूज आलं. तोवर आमच्या बोळात घरोघरी केबल झाली होती, सोपा केव्हाच रिकामा झाला होता.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. 1994 चा पावसाळा. दोन नंबरचं गाणं संपलं आणि लाइट गेली. अख्खी पेठ अंधारात. अर्धा तास कुणी उठलं नाही, काकी म्हणत राहिल्या, "थांबा की, यील आत्ता." नाही आली. सकाळी मी सायकल काढली आणि राजारामपुरीत मावशीकडे गेले, कारण तिकडे लाइट गेली नव्हती. मावसभाऊ म्हणाला, एक नंबरला 'हम आपके हैं कौन'मधलं होतं. त्याची बहीण आतून ओरडली, "खोटं सांगालाय, 'मोहरा'मधलं होतं!" दोघं भांडायला लागली, मावशीने मला पोहे दिले.

वही अजून माझ्याकडे आहे. त्या आठवड्याच्या पहिल्या रकान्यात दोन गाणी लिहिलेली आहेत, मध्ये तिरकी रेघ.