मधले सहा डोस

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या एखाद्या अंगणवाडीत माता-बाल कार्डं उघडून बघा. नऊ महिन्यांचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस भरलेला असतो, दीड वर्षाचाही बहुतेकदा असतो. पुढचे रकाने मात्र कितीतरी कार्डांवर कोरे.

पहिला डोस गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर मिळतो, दुसरा बूस्टरबरोबर. त्यानंतर दोन ते साडेचार वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे सहा डोस येतात आणि त्यांच्या जोडीला एकही इंजेक्शन नाही. सुई नाही म्हणजे काम नाही, असं घरात धरून चालतात. पाच वर्षांचा शेवटचा डोस पुन्हा बूस्टरच्या आसपास येतो. नऊ डोस मिळून १७ लाख युनिट होतात. मधले सहा चुकले की त्यातले १२ लाख गेलेच. यकृतात साठा होतो, पण तो चार-सहा महिनेच पुरतो, म्हणून तर सहा महिन्यांचं अंतर.

मापाची गोष्ट नीट समजून घ्या. औषधाच्या १ मिलीत १ लाख युनिट असतात. नऊ महिन्यांच्या बाळाला १ मिली, म्हणजे बाटलीसोबतच्या चमच्यातली निम्म्याची रेघ; पुढे प्रत्येक वेळी भरून २ मिली. चमचा हरवला म्हणून घरातला चहाचा चमचा घ्यायचा नाही. त्यात ५ मिली बसतं, म्हणजे ५ लाख युनिट. एवढ्यानं उलट्या, डोकेदुखी होते, तान्ह्या बाळाची टाळू फुगते. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहावी आणि आठ आठवड्यांत ती संपवावी. खिडकीतल्या उन्हात ठेवलेलं औषध कुचकामी होतं.

आणखी एक गल्लत नेहमीची. लोहाचं सिरप वेगळं: ते सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली, घरीच द्यायचं. शी काळी झाली म्हणून बंद करू नका, ते लोहामुळेच.

‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी संध्याकाळी कळते. दिवेलागणीला पोर अडखळतं, समोरची वाटी चाचपडतं. मग बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसतो. अशा वेळी पुढच्या लसीकरण सत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. उपचाराचे डोस वेगळे असतात. गोवर झालेल्या पोरालाही हेच लागू.

डोस हा आधार, रोजचं काम ताटातच व्हायला हवं. बांधावरच्या शेवग्याचा पाला शेळ्या खातात, पोरांच्या वाटणीला येत नाही. मूठभर कोवळा पाला चिरून आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घाला, वर चमचाभर तेल हवंच. तेलाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. पाला वाळवायचा तर सावलीत, उन्हात त्यातला सत्त्वांश उडतो. तांदुळजा, चाकवत, लाल भोपळा, पिकली पपईही चालते. सगळं दूध डेअरीला घालून पोराला चहा-बटर द्यायचं, हा हिशोब मात्र कुणीतरी पुन्हा मांडायला हवा.

कराड-वाळव्याकडे ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचं कार्ड बहुधा गावीच राहतं. निघताना त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो नसेल तर गावच्या आशाताईंना फोन करून शेवटच्या डोसची तारीख विचारा आणि सहा महिने झाले असतील तर कोपीवरच, म्हणजे त्यांच्या झोपडीवरच, डोस द्या.