कॅटालिनाचा घोडा

शिरोली एमआयडीसीत बाबांच्या शेडमध्ये मी वेल्डिंग शिकलो ते रंगाऱ्यांचे घोडे जोडून. आता इंग्लंडात दर शनिवारी विमानांच्या एका हँगरात हौसेनं फुकट राबतो. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला कॅटालिना विमानाच्या इंजिनावर काम करताना उभं राहायला स्टँड हवा होता. म्हटलं, घोडाच तर करायचाय!

कॅटालिना दुसऱ्या महायुद्धातलं, पाण्यावरही उतरतं आणि चाकांवरही. इंजिनांवर पाणी उडू नये म्हणून पंख होडीसारख्या धडाच्या वर, एका खांबावर बसवलाय. समुद्रात ते शहाणपणाचं. जमिनीवर मात्र इंजिन दोन पुरुष उंचीच्याही वर, आणि आतल्या अंगाला स्टँडचे पाय टेकवावेत तर खाली नेमकं धड. शेवटी उभं राहायचा ओटा बाहेरच्या बाजूनं आत झुकता केला आणि मागे लोखंडाची वजनं ठेवली. गोल इंजिनाला सरळ फळी कशी भिडणार? म्हणून टोकाला रबर लावलेल्या सरकत्या फळ्या. खाली जाळी टाकणार होतो, पण म्हातारा म्हणाला, वॉशर पडला की शोधत बसशील. म्हणून चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा टाकला. तोही तेलानं निसरडा होतो; ही इंजिनं गळायची थांबत नाहीत. एका इंजिनाला १४ सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. दोन्ही इंजिनांचे मिळून ५६ प्लग काढायचे, तर माणूस वर तासन्‌तास उभा राहणार. कठड्यात कंजूषी करून चालत नाही.

चूक माझीच झाली. मापं घेतली तेव्हा टाक्या रिकाम्या होत्या. पेट्रोल पंखातच भरतात. दोन हजार लिटर, म्हणजे जवळपास दीड टन. विमान शॉकॲब्सॉर्बरवर चार बोटं खाली बसलं आणि इंजिनाचं झाकण माझ्या कठड्यावर टेकलं. करकर आवाज ऐकून पोटात गोळाच आला. नशीब, नुसता रंग खरवडला.

शॉर्ट संडरलँड या त्याच काळातल्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर काम करणाऱ्यांचा हेवा वाटतो. त्यांच्या पंखाची पुढची कडच इंजिनांशेजारी खाली उघडायची, की झाला ओटा. पाण्यात बिघडलं तर घोडा कुठून आणणार? २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या डक्सफर्ड विमानतळावरची कॅटालिना स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यावर अडकली होती, इंजिन सुरूच होईना. शेवटी क्रेननं उचलून काठावर घ्यावी लागली.

आमच्या स्टँडला आता चारही पायांत उंची कमी-जास्त करायला स्क्रू जॅक आहेत. कठड्यावर पाटीही आहे : पेट्रोल भरण्याआधी मागे घ्या. म्हाताऱ्यानं ती मलाच रंगवायला लावली.