सहीच्या आधी पत्ता वाचा

यशवंतराव, वसंतदादा किंवा क्रांतिसिंह नाना पाटलांचं जुनं पत्र समोर आलं की ते अस्सल आहे का हे पाहायला नजर थेट सहीवर जाते. पण गिरवलेली सही हुबेहूब उतरू शकते, आणि पुढाऱ्यांच्या कार्यालयांतून रबरी शिक्क्याच्या सह्याही जायच्या. आपल्या सातारा-सांगली भागात पहिली पारख पत्त्याची.

1949 साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याचा ‘सांगली जिल्हा’ झाला तो 1960 मध्ये. म्हणून 1955 ची तारीख आणि वर ‘जि. सांगली’ असं दिसलं तर पत्र संशयास्पद समजून बाजूला ठेवा. उलट मात्र चालतं: 1963 च्या पत्रावर ‘द. सातारा’ असेल तर लिहिणाऱ्याच्या हाताची सवय म्हणायची. लेटरहेडचंही तसंच. ‘मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य’ हे 1 मे 1960 नंतरच. त्याआधी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते.

मग तिकीट. ‘नये पैसे’ छापलेलं कार्ड 1 एप्रिल 1957 च्या आधीचं असूच शकत नाही. पिनकोडच्या चौकटी असतील तर ऑगस्ट 1972 नंतरचं. पोस्टाचा शिक्का वाचता आला तर सोन्याहून पिवळं, म्हणून साध्या पोस्टकार्डाला मी भारी लेटरहेडपेक्षा जास्त मान देतो. पाकीट फेकणाऱ्यांना काय म्हणावं!

आता सही. दहापट भिंगाखाली रबरी शिक्क्याची शाई कडेला दाट आणि आत फिकी दिसते, तर छापील सही ठिपक्यांची निघते. बॉलपेनची खाच मागून बोटाला लागते. कागदाच्या घडीवरून शाईची रेघ गेली असेल आणि तिथेच शाई पसरली असेल, तर सही घडी पडल्यानंतरची आहे. टपालाने आलेल्या पत्राच्या बाबतीत हे वाईट लक्षण.

लॅमिनेशन करू नका, ते निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. टाचणी गंजलेली असेल तर ओढू नका. खाली-वर पातळ प्लॅस्टिकचे तुकडे सरकवून ती सैल करा. पत्र पॉलिएस्टरच्या पाकिटात, तळाला आम्लविरहित पुठ्ठा. बाजारातली मऊ पीव्हीसी पाकिटं शाई उचलतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. ओल तिथूनच येते आणि तिच्यामागून बुरशी आणि कसर. नोंद करायची ती मागच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने.