तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोग्राफीची गोडी टिकवायची कशी?

कॅमेरा घेऊन चार-सहा महिने झालेली माणसं मला हटकून हाच प्रश्न विचारतात. सुरुवातीला दिसेल त्याचे फोटो काढले, आता बॅगच उघडली जात नाही. मग उत्साह टिकवायचा कसा?

मला वाटतं, तो कॅमेऱ्यात शोधूच नये. कॅमेऱ्याची नवलाई ओसरणारच. टिकते ती समोरच्या गोष्टीची ओढ. हातात कॅमेरा नसतानाही काय बघत उभं राहावंसं वाटतं, ते आधी ठरवा. कुणाला एसटी स्टँड आवडतो, कुणाला जुने वाडे, कुणाला पापड लाटणारे आजीचे हात. मला पुण्यातली मंडई आवडते.

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत उजेड बेताचाच. तिथे भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतात. ओंजळभर पाणी, मनगटाचा एक झटका, की झालं. तो झटका मला टिपायचा होता. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, १/६० सेकंद ठेवला की हाताचा नुसता पुसट पट्टा उमटायचा. १/२५० केला की हात स्पष्ट, पण फोटो काळोखा; कारण दोन स्टॉप उजेड गेलेला, म्हणजे दोनदा निम्मा होऊन चौथाईच उरलेला. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ४०० वरून १६०० वर न्यावा लागला. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र), शटर, आयएसओ हे त्रिकूट मला तोंडपाठ होतं, पण कळलं ते तिथे, त्या ओट्यासमोर. आणि गंमत म्हणजे नंतर मला १/६०चाच फोटो जास्त आवडायला लागला. मावशींचा चेहरा स्थिर, नजर जुडीवर, आणि हात तेवढा कामात. हे ठरवता येणं, की इथे हात हललेलाच हवा, यात जो आनंद आहे तो नवी वस्तू विकत घेण्यात नाही.

वस्तूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गोडी कमी झाली म्हणून लेन्स घेऊ नका, अडलं म्हणून घ्या. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची किट लेन्स ५५ मिमीला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ ५.६च्या पुढे उघडत नाही; हा एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मंडईत त्याची किंमत कळते. रोज भर उन्हात फोटो काढणाऱ्याला ती घाई नाही.

दुसरी गोष्ट, फोटो छापा. ४ बाय ६ची प्रिंट काढायला फार खर्च येत नाही. मी एक प्रिंट त्या मावशींना नेऊन दिली. त्यांनी स्वतःकडे फारसं पाहिलंच नाही. मागच्या गाळ्यावर अर्धवट आलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचे दीर. यांचा नीट काढा की एकदा." आता मला परत जाणं भाग होतं! पडद्यावरच्या अनोळखी पसंतीनं दोन दिवस बरं वाटतं, पण कुणीतरी आपल्या फोटोची वाट बघतंय म्हटल्यावर कंटाळा आलेला असतानाही पाय निघतात.

होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो बघावेत, असं मी नवशिक्यांना आवर्जून सांगतो. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९४७ सालचे त्यांचे दिल्लीतले फोटो इतिहासात गेले, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण त्यांची सुरुवात मुंबईत झाली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मैत्रिणी आणि आजूबाजूचं रोजचं जगणं त्या टिपत होत्या. त्यांचे पहिले फोटो तर पतीच्या नावावर छापून येत. नाव नाही, मान नाही, तरी हात चालू राहिला. समोरच्या मुंबईत त्यांचा जीव होता, असं ते फोटो पाहून मला मनापासून वाटतं.

मधूनमधून काहीच काढावंसं वाटत नाही, ते दिवस येतात. तेव्हा जुने फोटो उघडून बसावं, किंवा कॅमेरा घरी ठेवून त्याच जागी चक्कर मारावी. ऊन कुठून येतं, कोण कधी येतं, एवढं बघून यावं. ते वाया जात नाही.

दिरांचा फोटो मात्र अजून मनासारखा झालेला नाही. त्यांच्या गाळ्यावर एलईडीचा दिवा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर वेगवान केलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. १/१०० वर आणलं की पट्टे जातात, पण दीर बोलताना इतके हातवारे करतात की दोन्ही हात पुसट होतात. सकाळी लवकर गेलं तर दिवा लागायच्या आधी बाजूनं थोडा उजेड मिळेल असं वाटतंय. येत्या रविवारी बघतो.