पैठणचा वाडा आणि माझं ड्रिल

नाथांचं दर्शन झालं, नाथसागराचा बांध पाहिला, रात्रभर डास मारले. पैठणचे दोन दिवस एवढ्यात संपले. लिहायचंय ते आत्याच्या ओसरीबद्दल.

आत्याला वाड्याच्या ओसरीत पैठण्यांचं दुकान थाटायचं होतं. मी पुण्यात इंटिरियरची कामं करतो, म्हणून बोलावणं. संभाजीनगरहून लाल डब्यात पन्नासेक किलोमीटर हाडं खिळखिळी करत गेलो. लॅपटॉपमध्ये 'मिनिमल' डिझाइन तयारच होतं: पांढऱ्याशुभ्र भिंती, भिंतीत ठोकलेल्या फळ्या, आणि सागवानी तुळया, लाकडात कोरलेली केळफुलं, नक्षी असा सगळा पसारा झाकायला सपाट फॉल्स सीलिंग. पसारा हा शब्द माझाच. आता लाज वाटते.

पहिल्या फळीसाठी ड्रिल लावलं. भिंत पांढऱ्या मातीची, वर चुन्याचा गिलावा. प्लग धरेचना. भोक वाढत वाढत वाटीएवढं झालं आणि भुगा आत्याच्या चहात. "सिमेंटनं भरतो," म्हणालो, तर सुतारकाका उखडले.

"काहून भिंतीचा जीव घेता? ओल कुठून निघंल मग?"

बरोबरच होतं. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि मातीची भिंत आतून भुसभुशीत होते. कॉलेजात शिकलो होतो हे. पेपरात लिहिलंही होतं.

मी तोंड पाडून बसलो. तेवढ्यात आत्यानं गिऱ्हाइकाला दाखवायला एक पैठणी काढली आणि दोन खांबांमधल्या दांडीवर सरळ टाकली. मी मागच्या बाजूला बसलेलो, तरी पदरावरचे मोर मला पुढून दिसावेत तसेच दिसत होते. हातमागाच्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच. यंत्रमागावरच्या साडीला बहुधा मागं सुटे धागे लोंबतात. आणि मी ही साडी भिंतीला चिकटवून ठेवणार होतो!

मग दुकान झालं ते एवढंच: मधोमध ती दांडी, कोनाड्यांत घड्या, खाली गादी आणि लोड. दांडी फक्त हातभर आत सरकवली, कारण चौकातल्या उन्हानं रेशमाचा रंग उडतो. माझं डिझाइन म्हणाल तर तो हातभर.

निघताना काकांनी भोकात भरलेला चुना ओलाच होता, भिंतीवर वाटीएवढा काळपट डाग. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होती, "हे आमच्या पुण्याच्या इंजिनिअरचं काम बरं का!"