सेतूबाल ते साग्रेश, किनाऱ्याच्या रस्त्याने

लिस्बनहून साग्रेशला हायवेने गेलं तर अंतर सुमारे 300 किलोमीटर. तीन तासांत माणूस पोचतो, पण वाटेत त्याला एकही कोळी दिसत नाही. आम्हाला मच्छीमारांची गावंच बघायची होती, म्हणून पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्याचे लहान रस्ते धरायचे ठरले. एका दिवसात दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, हा नियम मी घातला. तो साग्रेशपर्यंत पाळला गेला आणि सहल जमली ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही चौघं. मी रेवदंड्याची, माझी शाळेपासूनची मैत्रीण खाडीपलीकडच्या कोर्लईची, आणि ठाण्याचं एक जोडपं. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आली, हे आम्ही शाळेत शिकलो. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून तयार झालेली बोली आजही घराघरात बोलली जाते. माझी मैत्रीण आईशी त्याच बोलीत बोलते. पोर्तुगाल निवडायचं खरं कारण तेच होतं.

आधी कागदपत्रं. पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण किमान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. फी 90 युरो, शिवाय कमीत कमी 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. गाडीने फिरणाऱ्यांचं जास्तीचं काम म्हणजे मुक्काम. कुठल्या रात्री कुठे, हे तारीखवार दाखवावं लागतं, त्यामुळे ‘जिथे आवडेल तिथे थांबू’ हा बेत अर्जात चालत नाही. आम्ही पैसे न कापता रद्द करता येतील अशा खोल्या घेतल्या आणि चौघांच्या अर्जांना एकच तक्ता जोडला. गाडीतच झोपून पैसे वाचवायचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. हा किनारा बराचसा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो आणि तिथे गाडीत रात्र काढायला बंदी आहे.

गाडी चालवणाऱ्या दोघींनी आंतरराष्ट्रीय परवाना काढला. परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज, फॉर्म 4ए, फी 1,000 रुपये, आणि आरटीओकडून वर्षभर चालणारी पुस्तिका. सोबत मूळ लायसन्स ठेवावंच लागतं. भाड्याच्या गाडीची अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा भारतातूनच वाढवून घ्यावी. दुसऱ्या चालकाचं नाव करारात लिहून घ्यावं. गिअरची गाडी स्वस्त पडते, पण स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हातात, हे आम्हाला नको होतं. जास्त पैसे मोजून ऑटोमॅटिक घेतली. टोलसाठी काचेला लावायचं यंत्रही कंपनीकडूनच घेतलं. गाडीत इशाऱ्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट आहे ना, हे निघण्यापूर्वी बघितलं, कारण दोन्ही सक्तीची आहेत.

उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते. लक्ष लागतं ते राउंडअबाउटवर. आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, आणि पहिल्याच फाट्याला बाहेर पडायचं असेल तरच बाहेरची लेन धरायची, असा तिथला कायदा आहे. शेजारी बसणाऱ्याने कितव्या फाट्याला वळायचं ते मोठ्याने सांगत राहायचं, ही आमची पद्धत. पंपावर ‘गाझोलियो’ लिहिलेलं असतं ते डिझेल आणि ‘गाझोलिना’ ते पेट्रोल. नळी बहुतेक ठिकाणी आपणच लावायची असते, म्हणून हे पाठ करून जावं.

लिस्बनमधून आम्ही वास्को द गामा पुलावरून बाहेर पडलो. वास्को कालिकतला पोचल्याला 500 वर्षं झाली त्या साली, 1998 मध्ये, तो सुरू झाला. सेतूबालला तळलेला माकूल खाल्ला आणि गाडीसकट फेरीत चढून सादू नदीचं मुख ओलांडलं. पलीकडे त्रोयाची वाळूची पट्टी, मग कोंपोर्ताची भातखाचरं. हो, भात! बांध, पाणी, आणि पाण्यात उभे असलेले करकोचे.

तिथून जवळच कारास्केरा नावाचं गाव आहे. सादूची खाडी ओहोटीला इतकी मागे जाते की होडीपर्यंत नुसता चिखल उरतो. म्हणून इथल्या मच्छीमारांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून चिखलात लाकडी खांब रोवून फळ्यांचा धक्का बांधत नेला, प्रत्येकाने आपल्या होडीपुरता. वाकडेतिकडे खांब, त्यांवर जाळी ठेवायच्या खोपट्या. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि एक आजोबा जाळं विणत बसले होते. मैत्रीण त्यांच्याशी कोर्लईच्या बोलीत बोलली.

आजोबांनी हात थांबवला. त्यांनी काहीतरी विचारलं, ते भरभर होतं, तिला कळलं नाही. त्यांनी तेच सावकाश म्हटलं आणि तिला निम्मं कळलं. मग तिने कोर्लईला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मावशी चुलीपाशी होत्या. आजोबांनी बायकोला हाक मारून बोलावलं. दोघी बायका मासळीवर बोलू लागल्या: काय मिळालं, कसं करता, वाळवता का. मध्येच एखादं वाक्य अडायचं, मग मावशी भांडं किंवा मासा उचलून दाखवायच्या. कोर्लईहून पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशे वर्षं उलटली आहेत, आणि या दोघी माकूल किती वेळ शिजवायचा यावर वाद घालत होत्या. मला रडू आलं. आमचा पुढचा मुक्काम गाठायला उशीर झाला, पण कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

सीनिश हे वास्को द गामाचं जन्मगाव मानतात. किल्ल्यापाशी त्याचा पुतळा आहे, गावाभोवती बंदर आणि तेल शुद्धीकरण कारखाना. आम्ही तासाभरात पुढे निघालो. पोर्तो कोवू पांढऱ्या भिंती आणि निळ्या पट्ट्यांचं टुमदार गाव आहे. मीरा नदीच्या मुखावरचं विला नोव्हा द मिल्फोंतिश मला जास्त आवडलं. ब्रितो पाईश आणि सार्मेंतो द बैरेश हे वैमानिक 1924 साली इथून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला निघाले होते. राजस्थानच्या वाळवंटात त्यांचं विमान मोडलं, आणि ते भारतातच दुसरं विमान घेऊन पुढे गेले. त्यांचं स्मारक किल्ल्याजवळ आहे.

जेवणाबद्दल दोनच गोष्टी सांगते. बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. त्याला हात लावला की ते बिलात लागतं, नको असेल तर सरळ परत द्यावं. आणि एका ‘दोझ’मध्ये, म्हणजे पूर्ण प्लेटमध्ये, दोघांचं पोट भरतं, एकट्याला ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी, पुरते. ठाण्याची मैत्रीण शाकाहारी. तिचं सूप, चीज, अंडी आणि अल्जेझूरच्या प्रसिद्ध रताळ्यांवर छान भागलं. मात्र काल्दू व्हेर्द या हिरव्या सूपमध्ये बहुधा सॉसेजची चकती असते, ती आधीच नको म्हणून सांगावं लागतं.

मिल्फोंतिशच्या दक्षिणेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची हरितगृहं सुरू होतात. रासबेरी, ब्लूबेरी, सगळी युरोपच्या बाजारासाठी, आणि पाणी मीरा नदीवरच्या सांता क्लारा धरणाचं. तोडणी करणारे हात बहुतेक नेपाळ, भारत, बांगलादेशचे. साँव तिओतोनियो गावात किराणा दुकानाच्या दारात तुरीच्या डाळीची पोती बघून आम्ही थांबलो. दुकानदार नेपाळी होता, गिऱ्हाइकं पंजाबी. हिंदीत गप्पा झाल्या. एका खोलीत किती जण राहतात, निवास परवान्यासाठी किती वाट बघावी लागते, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. 2021 मध्ये करोनामुळे या भागाची नाकाबंदी झाली तेव्हा कामगारांच्या राहण्याची दशा देशभर चर्चेत आली होती. आधी काम शोधून मग परवाना मागायची वाट 2024 मध्ये बंद झाली. किनाऱ्याच्या सुंदर फोटोंमध्ये ही माणसं कुठेच नसतात, याचा मला राग आला. इथून जाणाऱ्या मराठी माणसाने या गावात थांबावं, चहा घ्यावा, बोलावं. त्यांना हिंदी ऐकायला फार आवडतं.

काबो सार्दाव हे जवळचंच टोक. समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी, खाली लाटा फुटताहेत आणि वर पिल्लं. समुद्रकड्यांवर करकोचे घरटं बांधतात ते जगात इथेच, असं सांगतात. वसंतात गेलं तरच पिल्लं दिसतात, म्हणून आम्ही मे महिना धरला होता. कड्याच्या काठावर जाऊ नये, माती ढासळते. पुढे एन-120 आणि मग एन-268 हे रस्ते कॉर्कच्या झाडांतून, कारापातेरावरून साग्रेशला नेतात.

साग्रेशच्या बंदरात लोता, म्हणजे मासळीचा लिलाव होतो. होडीवरच्या मासळीची पहिली विक्री तिथेच करावी, असा कायदा आहे. आमच्याकडे भाव चढत जातो, इथे पडद्यावर वरून खाली उतरतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. बोली लावायला परवाना लागतो. रेवदंड्याच्या बंदरावर हे चालेल का, यावर आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. माझ्या मते चालेल. तिच्या मते आमच्या कोळणी बटणाला जुमानणार नाहीत.

परतीला मात्र हायवे धरला. आल्गार्व्ह या दक्षिणेकडच्या भागातल्या ए-22 वरचा टोल 1 जानेवारी 2025 पासून बंद झाला आहे, पण लिस्बनकडे नेणाऱ्या ए-2 वर तो भरावा लागतो. लिस्बनच्या दोन्ही पुलांवर टोल फक्त शहरात येतानाच घेतात. ही सगळी रक्कम काचेवरच्या त्या टोलच्या यंत्रातून कार्डावर लागते, तीही गाडी परत केल्यावर काही दिवसांनी, तेव्हा घरी आल्यावर कार्डाचं स्टेटमेंट एकदा तपासून घ्यावं.