बारा डब्यांची लोकल आणि दारात लटकलेले

"अगं बाई, पैसे देऊन वाणी विकत आणलास? इकडं सोयाबीनच्या रानात ये, पोतं भरून देतो." परभणीहून सासऱ्यांचा फोन होता, आणि त्यांचं काही चूक नव्हतं, मृगाचा पाऊस पडला की हे वाणी, म्हणजे पुष्कळ पायांचे लांबुळके किडे, सोयाबीन-कापसाचे कोवळे कोंब कुरतडतात आणि दुबार पेरणीची वेळ आणतात. पण इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये, लेकीने नवव्या वाढदिवसाला कुत्रा मागितला, आम्ही नाही म्हटलं, मांजर मागितलं, नाही म्हटलं, मग तिने पेट शॉपमधला आफ्रिकन जायंट मिलिपीड, म्हणजे थोराड वाणीच, दाखवला आणि आमच्याकडचे नकार संपले होते.

आमच्या डोंबिवलीत याला पैसा म्हणायचे. काडी लावली की गोल गुंडाळी होते, म्हणून पैसा. हा म्हणजे वीतभर लांब, काळा कुळकुळीत, आणि चालताना पायांची एक लाट मागून पुढे जात राहते, बघत बसावं नुसतं. लेकीने नाव ठेवलं 'बारा डबा', लोकलवरून. खरं तर डबे कितीतरी जास्त, आणि जवळपास प्रत्येक डब्याला पायांच्या दोन जोड्या, पण असो. हजार पायांचं म्हणाल तर नाव मिलिपीड असूनही बरीच वर्षं कोणाचेच हजार भरत नव्हते, 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात जमिनीखाली 1306 पायांचा एक सापडला तेव्हा कुठे नावाची लाज राहिली.

तर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तोंडाजवळ आणि पायांच्या मधे काहीतरी फिकट हलताना दिसलं. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला गोचीड, आमच्या चाळीतल्या मोत्याच्या कानातून मी लहानपणी काढलेत ना. लेकीला काही न बोलता मी पाणी, तेल, पावडर, जे जे सुचेल ते मनात लावून झाले. बरं झालं मनातच लावलं, कारण हा प्राणी नाकाने नाही तर पायांच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकांनी श्वास घेतो, तेल चोपडलं असतं तर गुदमरलाच असता, आणि गोचीड मारायचं औषध त्याला तरी कशाला सोडेल?

मग नवऱ्याची स्टॅम्पची भिंग काढली. (स्टॅम्प कधीच जमवून बंद झाले, भिंग आहे.) बघते तर दोन प्रकारचे प्रवासी. एक जरा मोठे, पिवळसर, तुरुतुरु पळणारे. हे माइट्स, म्हणजे गोचिडाच्याच नात्यातले बारीक जीव, अशा मोठ्या आफ्रिकन पैशांवर राहतातच, अंगाला तोंडाला लागलेलं खरकटं वगैरे खातात, रक्त पीत नाहीत. म्हणजे घरचेच म्हणायचे.

दुसरे मात्र जागचे हलत नव्हते. खसखस यांच्यापुढे भोपळा वाटेल एवढे लहान, तपकिरी, पाठीवर चिकटलेले. यांची गंमत अशी की काही माइट्सना वाढताना मधेच एक अवस्था येते जिच्यात खाण्याजोगं तोंडच नसतं. आजूबाजूचं वातावरण बिघडलं, खाणं संपत आलं की पिल्लं हे रूप घेतात, पोटाखाली चिकटायच्या वाट्या असतात त्यांनी जवळून जाणाऱ्या कुठल्याही किड्याला धरतात आणि निघतात. खायचं नाही प्यायचं नाही, नुसतं लटकायचं, चांगलं स्टेशन आलं की उतरायचं. सकाळची आठ-चौदाची फास्ट आठवली मला, डब्यात जागा नाही, डबा आपला नाही, पण हात सोडायचा नाही!

पण इतकी गर्दी कशी झाली ते कळायला पेटीचं झाकण उघडावं लागलं. कोपऱ्यात काकडीची चकती, चार दिवसांची, वर बुरशी, आणि त्या बुरशीत तेच सगळे. म्हणजे प्रादुर्भाव पैशाचा नव्हताच, आमच्या आळसाचा होता. फार झाले तर सांध्यांत, श्वासाच्या भोकांपाशी अडचण करतात म्हणून मऊ ब्रशने थोडे झाडले. तेवढ्यात बारा डब्याने अंगाच्या बाजूने पिवळट रस सोडला, बोटं दोन दिवस तपकिरी आणि वास आयोडीनसारखा, हळद तरी लवकर जाते. आता काकडी रात्री ठेवायची, सकाळी उचलायची, झाकणाला भोकं वाढवलीत, वरची माती बदलून ओकची वाळकी पानं टाकली, आणि बुरशी खायला स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे आणून सोडलेत. मोठे तुरुतुरु तसेच आहेत. त्यांना कोणी हात लावायचा नाही असं लेकीने पेटीवर लिहून ठेवलंय.

गेल्या महिन्यात बारा डबा मातीत गेला, कात टाकायला. अशा वेळी उकरायचं नसतं. वर समुद्रफेनचा, म्हणजे माकूळच्या पाठीतल्या पांढऱ्या कवचाचा, तुकडा ठेवलाय, बाहेर आला की कॅल्शियमला लागेल. काल सासऱ्यांचा फोन आला, पाऊस कसा आहे, नातीची शाळा कशी आहे, सगळं झालं आणि मग जरा थांबून म्हणाले, "वाणी वर आला का गं?"